पोटावरची मातीची पट्टी नेमकं करते काय?

निसर्गोपचार केंद्रात सकाळी उपाशीपोटी तुम्हाला आडवं करतात. पोटावर काळ्या मातीचा थंडगार लगदा पसरलेली पट्टी, डोळ्यांवर तिचीच लहान आवृत्ती, वरून पांघरूण आणि अर्धा तास हलायचं नाही. अशा ठिकाणी जाऊन आलेला माणूस घरी आल्यावर आधी या पट्टीबद्दल सांगतो. बिनमिठाच्या भाजीबद्दल नंतर, आणि तेही जरा कुरकुरत.

पट्टीच्या फायद्यांची यादी मात्र केंद्रागणिक वाढत जाते. माती अंगातली उष्णता खेचते, विषारी द्रव्यं शोषून घेते, पचन सुधारते, सांधे मोकळे करते, रक्तदाब उतरवते, मन शांत करते. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट खऱ्या आहेत आणि एक-दोन साफ चुकीच्या. अडचण अशी, की माती मानणारे सगळंच खरं म्हणतात आणि न मानणारे सगळंच थोतांड म्हणतात. मातीत काय असतं आणि ती अंगावर ठेवल्यावर काय घडतं, हे बघायच्या भानगडीत दोघंही पडत नाहीत.

आधी ही पट्टी आपल्याकडे आली कुठून ते पाहू. आयुर्वेदात मातीचा बाहेरून वापर आहेच. ऊरुस्तंभ नावाच्या, मांड्या जखडणाऱ्या विकारात वारुळाची माती चोळायला सांगितली आहे. पण आज केंद्रात मिळणारी पोटावरची ओली पट्टी आली ती जर्मनीहून, दक्षिण आफ्रिकामार्गे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अडॉल्फ जुस्ट या जर्मन गृहस्थांनी हार्ट्‌झ पर्वतात एक निसर्गोपचार केंद्र काढलं आणि मातीच्या उपचारांचा जोरदार प्रचार केला. त्यांचं पुस्तक दक्षिण आफ्रिकेत वकिली करणाऱ्या मोहनदास गांधींच्या हाती पडलं. गांधीजींना बद्धकोष्ठाचा जुना त्रास होता. स्वच्छ माती थंड पाण्यात भिजवून, पातळ कापडावर पसरून रात्री पोटावर बांधायची, हा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला, त्यांना गुण आला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी मातीचा हात सोडला नाही.

पुण्याचा या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र पुण्यात होतं. तिथेच १८ नोव्हेंबर १९४५ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय पातळीवरचा निसर्गोपचार न्यास स्थापन झाला, आणि म्हणूनच हल्ली १८ नोव्हेंबर हा निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात. त्याच वास्तूत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पण उपचार शहरातल्या पैसेवाल्यांपुरते राहू नयेत, खेड्यातल्या गरिबाला परवडावेत, असं गांधीजींना वाटत होतं. मार्च १९४६ मध्ये ते सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले, गावकऱ्यांना तपासू लागले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तो पुढे चालवला मणिभाई देसाई यांनी. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही तिथे वर्षानुवर्षं काम केलं. माती फुकट मिळते, गावातच मिळते आणि कुणालाही भिजवता येते. गरिबाचं औषध म्हणून गांधीजींना ती भावली, यात नवल नाही.

थंड पट्टीचा हिशेब

आता पट्टी पोटावर ठेवू. गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या तुरुंगवासात आरोग्यावर एक लहानशी पुस्तिका लिहिली. तिच्यात त्यांनी पोटावरच्या पट्टीचं मापही दिलं आहे: तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड. या मापात साधारण अडीचशे ग्रॅम ओली माती बसते. ती समजा २४ अंशांवर आहे आणि तुमची त्वचा ३४ अंशांवर. अर्ध्या तासात माती त्वचेइतकी कोमट होते, म्हणजे ती तुमच्याकडून थोडी उष्णता घेते. ओल्या मातीची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या साधारण निम्मी. गणित मांडलं तर ही उष्णता भरते सव्वा किलोकॅलरीच्या आसपास.

त्यात बाष्पीभवन धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता लागते. झाकलेल्या पट्टीतून अर्ध्या तासात पाचेक ग्रॅम पाणी उडालं असं उदारपणे मानलं, तर आणखी तीन किलोकॅलरी. एकूण चार-साडेचार. आणि नुसतं पडून राहिलेलं माणसाचं शरीर त्याच अर्ध्या तासात पस्तीसेक किलोकॅलरी उष्णता तयार करत असतं.

म्हणजे सगळं जमेस धरून पट्टी शरीराच्या उष्णतेचा आठवा-नववा हिस्सा नेते, तोही पोटाच्या वीतभर जागेतून. हल्ली केंद्रांत पट्ट्या याहून मोठ्या असतात, त्यामुळे आकडा दुप्पट-तिप्पट होईल, पण चित्र फारसं बदलत नाही. शिवाय त्वचा गार पडली की तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीर उष्णता आतच राखून धरतं. सगळ्या अंगाची उष्णता खेचून घेणं एवढ्याशा मातीला जमणारं नाही.

मग बरं का वाटतं? कारण बरं वाटणं थर्मामीटरवर ठरत नाही. त्वचेत गारवा ओळखणारे खास मज्जातंतू असतात. त्यांच्याकडून संदेश जायला लागले की त्याच भागातल्या दुखण्याच्या, जळजळीच्या संदेशांचा जोर मेंदूपर्यंत पोचताना कमी होतो. ठेच लागल्यावर आपण बर्फ धरतो तो याचसाठी. इथे मातीचा ओल्या फडक्यापेक्षा फायदा एवढाच, की फडकं पाच-सात मिनिटांत तापतं किंवा सुकतं, दर वेळी बदलावं लागतं, आणि माती हळूहळू, अर्धा तास घेत कोमट होते. त्यात पोटावरचं ते हलकं वजन, मिटलेले डोळे, फोन हातात नाही, कुणी हाक मारत नाही. नाडी मंदावते, श्वास लांबतो, रक्तदाबही तेवढ्यापुरता थोडा उतरू शकतो. यातलं कितीसं श्रेय मातीचं आणि कितीसं त्या अर्ध्या तासाच्या निवांतपणाचं, हे वेगळं काढणं कठीण आहे. मला विचाराल तर निवांतपणाचा वाटा मोठा असावा.

गांधीजींनी स्वतः याबाबत किती प्रामाणिकपणे लिहिलंय ते पाहण्यासारखं आहे. सेवाग्राममध्ये विषमज्वराच्या रोग्यांना ते डोक्यावर आणि पोटावर मातीची पट्टी ठेवत. त्याबद्दल ते असं म्हणत नाहीत की पट्टीने ताप उतरला. ताप आपल्या मुदतीनेच उतरतो, पण पट्टीने रोग्याची तगमग कमी होते आणि रोगी स्वतःहून पट्टी मागतो, असं त्यांचं निरीक्षण आहे. वरच्या हिशेबातूनही नेमकं हेच निघतं. आज विषमज्वराला प्रतिजैविकं आहेत आणि ती घ्यायलाच हवीत, पण तापलेल्या कपाळावर गार माती ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

बद्धकोष्ठाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. आश्रमात आठ-दहा दिवस राहिलेला माणूस सांगतो, ‘मातीने पोट साफ झालं.’ पण त्या दिवसांत त्याचा चहा बंद होता, मैदा बंद होता, ताटात पालेभाज्या आणि फळं होती, रोज चालणं होतं, वेळेवर झोप होती आणि बऱ्याचदा एनिमाही होता. एवढ्या सगळ्यांत पट्टीला वेगळे गुण कसे द्यायचे? पट्टीच्या बाजूने ठोस पुरावा नाही. पालेभाज्या आणि चालण्याच्या बाजूने भरपूर आहे.

विष शोषण्याची गोष्ट

हा दावा सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि खोडायला सगळ्यात अवघड आहे, कारण त्याच्या मुळाशी खरं रसायनशास्त्र आहे.

दख्खनची काळी माती म्हणजे बेसॉल्टच्या खडकाची हजारो वर्षांची झीज. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं असतात. कागदाच्या गठ्ठ्यासारखे अतिशय पातळ थर, आणि थरांच्या मधे पाणी शिरायला जागा. पावसाळ्यात हे थर पाणी पिऊन फुगतात, शेतात पाय गुडघाभर रुततो. एप्रिल-मे आला की पाणी निघून जातं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पट्टीसाठी काळी माती पसंत करतात त्याचं कारणही हेच, ती पाणी धरून ठेवते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती वेगळी. तिच्यात केओलिन आणि लोहाची ऑक्साइडं जास्त, ती फारशी फुगत नाही आणि लवकर सुकते.

स्मेक्टाइटच्या या थरांचा पृष्ठभाग अफाट असतो. शुद्ध खनिज घेतलं तर एका ग्रॅमला सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत. म्हणजे दहा ग्रॅममध्ये जवळपास दोन एकर! थरांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे धन भाराचे कण त्यांना चिकटतात, तेलकट पदार्थही बसतात. मुलतानी मातीने चेहऱ्याचं तेल निघतं ते यामुळेच. इतकंच नाही, पॅराक्वाट या भयंकर तणनाशकाच्या विषबाधेत रुग्णालयात पोटातून मुलतानी माती किंवा सक्रिय कोळसा देण्याची पद्धत आहे. आतड्यातलं विष रक्तात शिरायच्या आत मातीला चिकटावं, हा हेतू. म्हणजे माती विष शोषते हे वाक्य मुळात खोटं नाही. (कुणी तणनाशक प्यायलं असेल तर घरी माती कालवत बसू नका, मिनिटभरही न दवडता दवाखाना गाठा.)

पण माती शोषते ते तिला प्रत्यक्ष चिकटलेलं. पोटाच्या कातडीवर ठेवलेल्या मातीचा आणि आतल्या यकृताचा किंवा आतड्याचा काही संबंध येत नाही. मधे त्वचा आहे, चरबी आहे, स्नायू आहेत. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सहजासहजी जाऊ नये, याचसाठी तर त्वचा असते. घामावाटे विष निघतं म्हणाल, तर घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि ती बिघडली तर माती काही ती जागा घेत नाही. पट्टी काढल्यावर तिचा रंग बदललेला दिसला, वास आला, तर त्यात घाम, त्वचेचं तेल आणि ओल्या मातीतले जिवाणू आहेत. कुणी तुम्हाला ते विष म्हणून दाखवत असेल, तर त्या केंद्राच्या बाकीच्या दाव्यांकडेही संशयानेच पाहावं.

मातीच्या याच चिकटवून घेण्याच्या गुणाची दुसरी बाजू आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती. चरकसंहितेत माती खाण्यामुळे होणारा पांडुरोग स्वतंत्र सांगितला आहे. माती खाणाऱ्या मुलांमध्ये आणि गरोदर बायकांमध्ये रक्त कमी असतं हे आजचे डॉक्टरही पाहतात. काही माती अन्नातलं लोह धरून ठेवते, शिवाय मातीतून जंत येतात ते वेगळेच.

गरम चिखलाचा युरोप

आपल्याकडची मातीपट्टी थंड. युरोपातला चिखल मात्र बहुतेक ठिकाणी गरम असतो, आणि दोन्हींचे गुण एकाच यादीत घातल्यामुळे बराच गोंधळ होतो. एस्टोनियातल्या हाप्सालू गावात कार्ल अब्राहम हुन्निउस या डॉक्टरने १८२५ मध्ये समुद्राच्या चिखलाचं उपचारगृह काढलं. स्लोव्हाकियात पिएश्त्यानी, फ्रान्समध्ये डाक्स, रोमानियात तेकिरगिओल, अशी नावं घेऊ तेवढी थोडी. पण कारभार समजून घ्यायचा तर इटलीतल्या पादुआजवळचं आबानो बघावं.

युगानेई टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीतून ८७ अंशांपर्यंत तापलेलं खारं पाणी वर येतं. जवळच्या लहान तळ्यांतली चिकणमाती आणून ती या पाण्याच्या हौदांत सुमारे दोन महिने मुरवतात. मुरताना तिच्यावर हिरवट शेवाळी थर धरतो, तो सायनोबॅक्टेरियाचा. पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी या सूक्ष्मजीवांपासून काही स्निग्ध द्रव्यं वेगळी केली. प्रयोगशाळेत ती दाह कमी करताना दिसली आहेत. मुरलेला चिखल चाळीसेक अंशांवर पाठीला, गुडघ्यांना थापायचा, पंधरा-वीस मिनिटांनी धुवायचा, मग कोमट खनिज पाण्यात डुंबायचं आणि नंतर मालीश. असे बारा दिवस. इटलीच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर्षातून एकदा असा बारा दिवसांचा उपचार मिळतो. तिकडच्या संधिवाताच्या आजीआजोबांना त्यात गूढ काही वाटत नाही, ते वर्षाचं ठरलेलं काम आहे.

गरमच हवं, तर गरम पाण्याची पिशवी का नको? यामागे एक साधं भौतिकशास्त्र आहे. पातळ आमटी वाटीत लवकर निवते, कारण वरचं गार झालेलं खाली जातं आणि खालचं गरम वर येत राहतं. घट्ट पिठलं वरून निवल्यासारखं दिसतं आणि घास घेतला की जीभ पोळते, कारण त्यात आतल्या आत काही हलतच नाही. चिखलाचं तसंच आहे. अंगाला लागलेला पातळ थर त्वचेच्या तापमानाच्या जवळ येतो आणि मागच्या गरम थराला आडोसा होतो. उष्णता हळूहळू, पण बराच वेळ येत राहते. म्हणून ४५ अंशांचा चिखल माणूस सहन करतो आणि तेवढ्याच गरम पाण्यात पाय बुडवला तर झटकन बाहेर काढतो. शिवाय चिखल गुडघ्याच्या खोबणीत, बोटांच्या पेरांत नीट बसतो. पिशवी तशी बसत नाही.

गरम चिखलाने त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्याभोवतालचे ताठर तंतू थोडे ढिले पडतात. गुडघ्याच्या झिजेच्या रोग्यांवर युरोपात, तुर्कस्तानात आणि इस्रायलमध्ये चाचण्या झाल्या आहेत. त्यांतून बऱ्यापैकी सातत्याने दिसतं ते असं, की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात आणि हा फरक काही आठवडे ते काही महिने टिकतो. झिजलेली कूर्चा मात्र यातून भरून येत नाही.

या चाचण्यांची एक अडचण सांगायलाच हवी. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रोग्याला अंधारात ठेवता येतं. चिखलाचं काय करणार? अंगाला चिखल थापलाय की नाही हे कुणालाही कळतं, आणि उपचार झाल्याच्या जाणिवेनेच दुखणं थोडं कमी होतं. यावर संशोधकांनी युक्त्या काढल्या. कुठे मातीतली खनिजं धुऊन काढली आणि तीच रोग्याला लावली. कुठे चिखल आणि त्वचेच्या मधे नायलॉनचा कागद घातला, म्हणजे ऊब लागेल पण खनिजं लागणार नाहीत. काही अभ्यासांत थेट चिखल लागलेल्यांना जास्त बरं वाटलं. पण हे अभ्यास लहान आहेत, एकेकात काही डझन माणसं, त्यामुळे त्यावरून खनिजांच्या बाजूने छातीठोकपणे बोलता येत नाही. ऊब हा मुख्य गडी, आणि खनिजं मदतीला असतील तर असतील, असं मी धरून चालतो. म्हणूनच हजारो रुपयांचा मृत समुद्राचा चिखल डब्यातून मागवून गुडघ्याला गार-गारच लावण्यात काय हशील आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि महाराष्ट्राचा खरा मातीशौक म्हणाल तर तो आखाड्यातला. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत तांबडी माती चाळून तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, काव घालून ती मऊ करतात. पैलवान लढतीआधी आणि नंतर ती अंगाला चोळतात. घाम टिपला जातो, पकड मिळते, पडल्यावर लागत नाही आणि दमलेल्या अंगाला गारवा मिळतो. त्या मातीने त्वचारोग होत नाहीत असं वस्ताद मंडळी सांगतात. प्रत्यक्षात अंगाला अंग घासणाऱ्या या खेळात गजकर्ण सगळीकडेच आढळतं, मग मॅट असो की माती.

जखमेवर माती नको

आपल्या आत्मकथेत गांधीजींनी एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या आठेक वर्षांच्या मुलाचा, रामदासचा, हात बोटीवर खेळताना मोडला होता आणि जखम झाली होती. गांधीजींनी पट्टी सोडली, जखम धुतली आणि स्वच्छ माती लावून हात बांधला. महिनाभर रोज हेच केलं आणि जखम भरली. प्रसंग खरा आहे, पण त्याचं अनुकरण कुणी करू नये. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच राहतात, शेण-लीद पडणाऱ्या जमिनीत जास्त. ऊन त्यांचं काही बिघडवत नाही आणि साध्या उकळण्यालाही ते दाद देत नाहीत. त्यांना मारायला रुग्णालयातलं दाबाखालचं निर्जंतुकीकरण लागतं. सेवाग्राममध्ये माती तेल-मीठ घालून भरपूर तापवून वापरत, त्याने बरेच जंतू मरतात, पण हे चिवट बीजाणू नाहीत. रामदास वाचला ते नशिबाने, असंच म्हणावं लागेल. खरचटलेलं, कापलेलं, भाजलेलं, पुरळ फुटलेलं, एक्झिमा चिघळलेला, यांपैकी कशावरही माती नको. मधुमेहाच्या रोग्याने पायाच्या भेगाही बघून घ्याव्यात.

पोटदुखीवरही नको. आणि याचा दाखला पुन्हा गांधीजींचाच. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या पोटात असह्य दुखू लागलं. निदान झालं आंत्रपुच्छाच्या दाहाचं, म्हणजे अपेंडिसायटिसचं. मातीचा एवढा पुरस्कर्ता माणूस, पण पट्टी बांधून बसला नाही. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. अचानक उठलेल्या, वाढत जाणाऱ्या पोटदुखीवर पट्टी ठेवून वाट बघणं म्हणजे मौल्यवान तास घालवणं.

डोळ्यांच्या पट्टीखाली दुहेरी स्वच्छ कापड हवंच. शेतात डोळ्यात माती-काडी गेल्यावर होणारा बुरशीचा संसर्ग बुबुळाची वाट लावतो, हे खेड्यातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा. गरम चिखलाची पथ्यं वेगळी. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना भाजल्याचं कळत नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, ताप आणि लाल होऊन सुजलेला सांधा असेल, तर गरम चिखल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पावसाळ्यात रिसॉर्टमधल्या ‘मड पार्टी’त लोळणं हा तर उपचारच नव्हे. साचलेल्या चिखलात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंमुळे येणारा ताप होतो. कोकणातल्या भातखाचरांत राबणाऱ्यांना त्याची धास्ती दर पावसाळ्यात असते. दिवसभर चिखलात राहिलेल्या पायांना चिखल्या होतात, त्यांना कुणी मृत्तिका चिकित्सा म्हणत नाही.

घरी करायचीच असेल तर

रस्त्याकडेची, कारखान्याजवळची, खत-फवारणीच्या शेतातली किंवा गोठ्यालगतची माती घेऊ नये. पडीक, स्वच्छ जागी तीन-चार फूट खोल खणून माती काढायचा प्रघात आहे, आणि त्यात अर्थ आहे: खत, कीटकनाशकं, जंतांच्या अळ्या आणि बहुतेक जंतू वरच्या थरात असतात. खडे-मुळ्या काढून ती कडक उन्हात वाळवा, कुटा, बारीक चाळा. रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी ती थापता येईल इतकी घट्ट, पण पाणी न गळणारी हवी. शहरात राहत असाल तर निसर्गोपचार केंद्रातून तयार वाळलेली माती मिळते, तीच बरी.

धुतलेल्या पातळ सुती कापडावर अर्धा ते एक इंच थर पसरा आणि कापड दुमडून घ्या, म्हणजे माती थेट त्वचेला लागणार नाही. पोट रिकामं हवं. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे. हुडहुडी भरली, दम्याचा त्रास जाणवला किंवा बधिर वाटलं, तर लगेच काढा. थंडीत वरून लोकरी कापड घाला. नंतर त्वचा कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. धनुर्वाताच्या लशीची मात्रा दहा वर्षांतून एकदा घ्यायची असते, तिची तारीख आठवत नसेल तर ती आधी घ्या.

केंद्रात जाणार असाल तर तिथला वैद्य बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगशास्त्राची पदवी) पदवीधर आहे का, माती एका रोग्याची दुसऱ्याला वापरतात का, आणि तुमच्या चालू गोळ्यांबद्दल ते विचारतात का, एवढं पाहून घ्या. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणाऱ्या केंद्रातून तुम्ही तडक घरी या.

आणि वापरलेली माती बाथरूमच्या जाळीत ओतू नका. काळी माती पाइपात फुगून घट्ट बसते आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. ती कुंडीत टाका.